तीनशे सत्तेचाळीस नंबरचा गुलाब

१

शुक्रवारी सकाळी शालन पायगुडेनं नर्सरीतला कॉम्प्युटर उघडला, तेव्हा तिच्या चार वर्षांच्या कामातलं एक अक्षरही त्यात उरलेलं नव्हतं.

तिनं पहिला फोन केला तो द्वारका वानखडेला. द्वारका कर्वेनगरच्या एका कॉलेजात डेटाबेस शिकवायची. मूळची अमरावतीची, पण पुण्यात इतकी मुरलेली की रिक्षावाल्याशी वाद घालताना तिला आता जराही श्रम पडत नसत. शिकवणं हे तिचं पोट होतं, पण जीव रमायचा तो दुसऱ्याच गोष्टीत. कुणाची फाइल हरवली, कुणाच्या नोंदी उडाल्या असं कानावर आलं, की ती हातातला चहा तसाच टाकून उठायची. शालनकडून ती दर हिवाळ्यात गच्चीसाठी गुलाबाची रोपं आणायची, तेवढीच दोघींची ओळख.

"द्वारकाताई, परवा प्रदर्शन आहे," शालन म्हणाली. "नव्या जातींच्या विभागात माझा गुलाब आहे. उद्या संध्याकाळपर्यंत प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाला त्याच्या संकराच्या नोंदी दाखवायच्या आहेत, नाहीतर प्रवेशिका बाद. आणि इथं घरात मी खोटारडी ठरलेय."

"कॉम्प्युटर बंद करा," द्वारका म्हणाली. "काही टाइप करू नका, काही शोधू नका. कुणालाही हात लावू देऊ नका. मी निघालेच."

खडकवासल्याच्या रस्त्याला किरकटवाडीच्या पुढे पायगुड्यांची नर्सरी होती. द्वारकानं स्कूटर लावली आणि आधी तो गुलाबच पाहिला. पाकळ्या बाहेरून तांबूस, जुन्या भांड्याच्या रंगाच्या, आतून सायीसारख्या. असा गुलाब तिनं कुठंच पाहिला नव्हता. बुंध्याला ॲल्युमिनियमची पट्टी बांधलेली होती आणि तिच्यावर फक्त एक आकडा होता, ३४७.

"पट्टीवर एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच. आई कोण, पराग कुणाचा, बी कधी पेरलं, हे सगळं त्या नंबरखाली कॉम्प्युटरात," शालन म्हणाली. ती वनस्पतिशास्त्र शिकलेली, चाळिशीची बाई. चेहऱ्यावर रडू नव्हतं, राग होता. "कोणत्या जातीचा पराग वापरला हे मी अजून कुणाला सांगितलेलंसुद्धा नाही. प्रदर्शनात सांगणार होते. अण्णांनाही नाही."

अण्णा, म्हणजे तिचे सासरे बापूराव, ऑफिसच्या दारातल्या बाकावर काठी टेकून बसले होते. त्यांच्या नावाचे गुलाब पुण्यातल्या निम्म्या बागांत फुलत होते.

"तुमीच का त्या कॉम्प्युटरवाल्या?" ते म्हणाले. "बघा काय सापडतंय का. माझ्या नोंदी समद्या हायत. एक गेलेली न्हाई. फकस्त सूनबाईच्याच गेल्या. आता तुमी शिकलेल्या हाय, तुमीच सांगा. असा निवडून निवडून खाणारा उंदीर कुठं असतोय व्हय?"

द्वारकाला कळलं की इथं नुसती फाइल हरवलेली नाही.

२

प्रोग्रॅमचं नाव 'बाग'. बापूरावांसाठी कुणा विद्यार्थ्यानं फार वर्षांपूर्वी लिहिलेला. कॉम्प्युटर बदलले, विंडोज बदलली, पण 'बाग' तोच राहिला. सगळ्या नोंदी एका फाइलीत, आणि ती फाइल प्रोग्रॅमच्याच फोल्डरात.

द्वारकानं प्रथम त्या फाइलीची प्रत आपल्या लॅपटॉपवर घेतली. मूळ फाइलीला ती बोट लावत नसे. डॉक्टर जसा हात धुतल्याशिवाय जखमेकडे जात नाही, तसा तिचा हा नेम होता. मग तिनं प्रत उघडली.

बापूरावांच्या नोंदी खरोखरच एकेक जागच्या जागी होत्या. शेवटची नोंद तीनशे अकरा नंबरची. त्यानंतर कोरं.

"अण्णा, शालनताईंच्या नोंदी गेल्या असं तुम्हाला वाटतं, की त्या कधी नव्हत्याच असं वाटतं?"

बापूरावांनी काठीकडे पाहिलं. "माझा पुतण्या संभाजी म्हणतो, हे झाड बियाचं न्हाईच. कुणाच्या तरी बागेतनं कलम आणलंय आणि आपलं म्हणून लावलंय. मी म्हणलं, नोंदी दाखव, मिटलं. तर नोंदी न्हाईत."

"पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"रंग बघितला का? पिवळ्या गुलाबाचा पराग असल्याबिगर हा तांबूसपणा येत न्हाई. आन् पिवळी जात आमच्या बागेत गेली चार वर्सं न्हाई. मग आलं कुठनं हे?" म्हातारा थांबला. "तिनं चोरी केली असं मला म्हणायचं न्हाई, बाई. पण मला दुसरं सुचत न्हाई."

द्वारका परत लॅपटॉपकडे वळली. आता तिच्या बोटांना वेग आला होता. या प्रोग्रॅमात प्रत्येक नोंदीला नंबर आपोआप मिळायचा, आणि असा नंबर बस कंडक्टरच्या तिकिटासारखा असतो. फाडलेलं तिकीट फेकून दिलं तरी त्याचा नंबर दुसऱ्या कुणाला मिळत नाही. कुणी शालनच्या नोंदी खोडल्या असतील, तर नव्या नोंदीला तीनशे पन्नासच्या आसपासचा नंबर मिळायला हवा. फाइल आवळून घेतली तर ही खूण पुसली जाते, पण 'बाग'मध्ये तसं बटणच नव्हतं.

तिनं प्रतीमध्ये एक खोटी नोंद टाकली. नाव दिलं, 'परीक्षा'.

नंबर आला, तीनशे बारा.

द्वारका पडद्याकडे पाहतच राहिली. मागे शालन उभी होती. तिला त्या आकड्याचा अर्थ कळला नाही, पण द्वारकाचा चेहरा कळला.

"काय झालं?"

"शालनताई, या फाइलीतून कुणीही काहीही खोडलेलं नाही," द्वारका सावकाश म्हणाली. "तुमच्या नोंदी या फाइलीत कधी आल्याच नव्हत्या."

३

बाकावर काठी आपटल्याचा आवाज झाला. बापूराव उठून आत निघून गेले.

"म्हणजे तुम्हीपण," शालन म्हणाली.

"मी तुम्हाला खोटारडी म्हटलेलं नाही. या फाइलीत नव्हत्या असं म्हटलं. तुम्ही बॅकअप घेत होता का?"

शालनच्या चेहऱ्यावर एकदम जीव आला. दिवाळीपर्यंत दर रविवारी. न चुकता. तिनं कपाटातून पेनड्राइव्ह काढला. द्वारकानं तो लावला, उघडला, आणि कपाळाला हात लावला.

आत 'बाग', 'बाग', 'बाग' अशा नावांच्या कितीतरी गोष्टी होत्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक बारीक वळलेला बाण होता.

"कुठून घेत होता प्रत?"

"समोरच्या पडद्यावरून. हे चित्र धरायचं आणि पेनड्राइव्हवर टाकायचं."

"हे चित्र म्हणजे दारावरची पाटी हो. पाटी उचलून आणली, घर तिथंच राहिलं." द्वारकाला वाईट वाटलं, पण तिचं डोकं पुढे धावत होतं. "सांगा मला, हा कॉम्प्युटर इतका चटपटीत कसा चालतो? जुना दिसतोय तर."

"दिवाळीनंतर दुरुस्त केला. संभाजीभाऊजी म्हणाले, फार रेंगाळतो. तेच राकेशला घेऊन आले. नंतर छाटणीचे दिवस होते, मला आज सकाळपर्यंत बसायला वेळच झाला नाही."

राकेश हा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. जवळच नांदेड फाट्यावर त्याचं दुकान होतं. फोन केल्यावर तो लगेच आला आणि येताक्षणी बचावाला लागला.

"मॅडम, मी काही डिलीट नाही केलं. जुनी हार्डडिस्क काढली, नवीन फास्टवाली टाकली, फ्रेश विंडोज मारली. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि हा 'बाग'चा फोल्डर, सगळा जसाच्या तसा कॉपी केला. चालू करून दाखवला पण."

"कुणाला दाखवला?"

"संभाजीरावांना. त्यांनी पाहिलं, ओके म्हणाले."

"आणि जुनी डिस्क?"

"तीपण त्यांनीच घेतली. म्हणाले, भंगारात देतो." राकेश जरा घुटमळला. "मग पंधरवड्यानं फोन केला, हडपसरच्या दुकानातला बंद कॉम्प्युटर चालू करायचाय म्हणाले. मी म्हटलं, त्यात डिस्कच नाही. तर म्हणाले, डिस्क आहे माझ्याकडे, नुसतं जोडायचं कसं ते सांग."

द्वारकानं त्याच्याकडे बघितलं.

"नोंदी कुठं आहेत ते मला कळलंय," ती शालनला म्हणाली. "आता फक्त एवढंच बघायचं, की ते आणखी कुणाला कळलंय का."

४

संभाजी दुपारी रोपांची गाडी भरायला नर्सरीत आला. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, बोलण्यात साखर. हडपसरचं विक्रीचं दुकान गेली वीस वर्षं तोच चालवत होता.

"वहिनींना मी लहानपणापासून... म्हणजे त्या लग्न होऊन आल्यापासून बघतोय," तो म्हणाला. "माणूस चांगलं हो. पण मोह कुणाला सुटलाय? काकांचं नाव आहे बाजारात. उद्या कुणी म्हणालं, हे आमच्या बागेतलं कलम, तर चाळीस वर्षांची अब्रू जाईल. त्यापेक्षा प्रवेशिका मागे घेतलेली बरी."

"तुम्ही त्यांच्या नोंदी कधी पाहिल्या होत्या?"

"छे. मला त्या कॉम्प्युटरचं काही कळत नाही. आपला संबंध रोपांशी."

"मग हे झाड कलमाचं आहे, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

"अहो, अनुभव आहे की. पांढऱ्याचा पराग घालून असला तांबूस रंग येतो होय? चार पोरांना विचारलं तरी सांगतील."

द्वारकानं मान डोलावली आणि गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत वाट पाहिली. मग ती शालनकडे वळली.

"या झाडासाठी पराग कुठल्या जातीचा वापरला होता? माझ्या कानात सांगितलंत तरी चालेल."

शालननं इकडेतिकडे पाहिलं. "पांढऱ्याचा. अण्णांच्याच एका जुन्या जातीचा. तिच्या आजोळी तांबूस रंग होता, तो दोन पिढ्या दबून राहिला होता. कुणाला खरं वाटलं नसतं, म्हणून तर नोंद इतकी जपून केली."

"अण्णा पिवळा म्हणतात. बघणारा जो तो पिवळाच म्हणेल. मग न विचारता पांढरा कोण म्हणेल?"

शालनचा हात तोंडाशी गेला.

"ज्यानं ती नोंद वाचली आहे तो," द्वारका म्हणाली. "दिवाळीपूर्वी तुमच्याशिवाय तिथं कुणी बसत नसे, आणि दिवाळीनंतर इथं ती नोंद वाचायची सोयच नव्हती. म्हणजे जुनी डिस्क जिवंत आहे, आणि ती हडपसरला आहे."

५

शुक्रवारी हडपसरचं दुकान बंद असायचं, म्हणून शनिवारी सकाळी तिघं शालनच्या गाडीनं निघाली. बापूरावांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपण होऊन पुढच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "चला."

वाटेत द्वारकानं समजावून सांगितलं.

"अण्णा, तुमचा 'बाग' जुन्या काळचा. तो आपली फाइल स्वतःच्याच खोलीत ठेवायचा. नव्या विंडोजला तिथं कुणी लिहिलेलं चालत नाही. पण ती तोंडावर नाही म्हणत नाही. ती गुपचूप त्या फाइलीची एक प्रत काढते, लिहिणाऱ्याच्या नावाच्या एका दडलेल्या फोल्डरात ठेवते, आणि पुढचं सगळं त्या प्रतीत लिहू देते. प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही, माणसालाही नाही. चार वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर आला त्या दिवसापासून शालनताईंची प्रत्येक नोंद त्या दडलेल्या फाइलीत जात होती. खोलीतली मूळ फाइल तुमच्या शेवटच्या नोंदीपाशी थांबली. राकेशनं प्रामाणिकपणे खोली उचलून आणली. दडलेलं फोल्डर राहिलं जुन्या डिस्कवर."

बापूरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हंजी पोरगी खरं बोलत हुती," ते म्हणाले. शेजारी सुनेकडे त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि शालननंही गाडी चालवता चालवता नजर हलवली नाही.

तेवढ्यात द्वारकाचा फोन वाजला. राकेश होता.

"मॅडम, एक सांगायचं होतं. संभाजीरावांचा आत्ता फोन आलेला. डिस्क पूर्ण पुसायची कशी विचारत होते. मी सांगून बसलो आणि मग टेन्शन आलं."

"पुसायच्या आधी कॉपी घेतली म्हणाले का?"

"हो, 'बाग'चा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलाय म्हणाले. मीच मागे दाखवला होता कुठं असतो ते."

द्वारकानं फोन खाली घेतला.

"शालनताई, जरा जोरात घ्या. त्यानंही खोलीच उचलली आहे. नोंदी पेनड्राइव्हवर आल्या अशा समजुतीत तो आहे, म्हणून आता मागचा पुरावा पुसतोय. जगात तुमच्या नोंदींची एकच प्रत आहे, आणि ती त्याच्या बोटाखाली आहे."

मगरपट्ट्यापाशी गाड्या अडकल्या होत्या. द्वारकानं संभाजीला फोन लावला; तो उचलेना. बापूरावांनी लावला, काकाचाही उचलेना. शालननं सिग्नल सुटताच एका बसच्या नाकासमोरून गाडी काढली. बसवाल्यानं खिडकीतून विचारलं, "ताई, लायसन्स लॉटरीत लागलं का?" एरवी द्वारकानं त्याला बरोबरीचं उत्तर दिलं असतं. आज तिला ते ऐकूही आलं नाही.

६

हडपसरला गाडीतळाजवळच्या त्या दुकानात पुढे कुंड्या आणि खताच्या पिशव्या होत्या. मागच्या टेबलावर जुना कॉम्प्युटर सुरू होता. संभाजी त्याच्यासमोर बसला होता. पडद्यावर प्रश्न होता, या कॉम्प्युटरवरचं सगळं काढून टाकायचं का. त्याचं बोट माउसवर होतं.

शालन पुढे झेपावणार तोच द्वारकानं तिचा दंड धरला. धरपकड झाली असती तर ते बोट खाली जायला क्षणही लागला नसता.

"संभाजीराव," ती साध्या आवाजात म्हणाली, "खुशाल पुसा. फक्त त्याआधी तुमच्या पेनड्राइव्हमधला 'बाग' चालवून बघा. या पडद्यावरचा नव्हे, पेनड्राइव्हमधला."

संभाजीनं तिघांकडे पाहिलं. काका दारात उभे असलेले पाहून त्याचा रंग उतरला, पण बोट हललं नाही. "का म्हणून?"

"त्यात तीनशे सत्तेचाळीस नसेल तर तुमच्याही हाती काही राहणार नाही, म्हणून."

मग त्यानं ती खिडकी बाजूला सारली, पेनड्राइव्ह उघडला आणि त्यातला 'बाग' चालू केला. यादी खाली खाली सरकत गेली. तीनशे नऊ. तीनशे दहा. तीनशे अकरा. पुढे कोरं.

त्यानं पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली आणलं. मग माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"कालपर्यंत होत्या की," तो पुटपुटला. "मी वाचल्यात."

"वाचल्यात, हे आम्हाला काल दुपारीच कळलं," द्वारका म्हणाली आणि त्याच्या बाजूनं वाकून तिनं कॉम्प्युटर नीट बंद केला. पडदा काळा झाल्यावरच तिनं श्वास सोडला.

"कुणाला देणार होतास हा गुलाब?" बापूरावांनी विचारलं.

"बंगळुरूच्या एका कंपनीला. माझ्या नावानं." संभाजी मान वर करत नव्हता. "वीस वर्षं मी इथं बसून तुमच्या नावाचे गुलाब विकतोय, काका. लोक विचारतात, तुमचा कुठला? मी काय सांगू? दिवाळीनंतर राकेशनं दाखवलं तेव्हा वहिनींच्या नोंदी दिसल्याच नाहीत. मी बोललो असतो तर तेव्हाच मिटलं असतं. नाही बोललो. मग त्यातच रुतत गेलो."

"माझ्याकडं आला असतास तर मी तुला पराग कसा धरायचा ते शिकवलं असतं," बापूराव म्हणाले. "तू माझ्या सुनंला चोर म्हणायला शिकवलंस मला."

संभाजीनं पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

७

द्वारकानं डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. शालनला धीर धरवत नव्हता.

"उघडा ना."

"आधी प्रत," द्वारका म्हणाली.

दडलेल्या फोल्डरांतून ती एकेक पायरी उतरत गेली आणि शालनच्या नावाखालच्या 'बाग'पाशी थांबली. फाइल उचलली, लॅपटॉपवर प्रत घेतली, दोन्हींचा आकार ताडून पाहिला, आणि मगच प्रत उघडली. तीनशे बारापासून शालनच्या नोंदी सुरू झाल्या आणि सरसर खाली जाऊ लागल्या. तीनशे सत्तेचाळीसवर बापूरावांनी काठीचं टोक पडद्याजवळ आणलं.

आईचं नाव. परागाचं नाव. संकराचा दिवस, बी पेरल्याचा दिवस, पहिल्या फुलाचा रंग.

"ही पांढरी तर माझी हाय," म्हातारा म्हणाला. "ही कुचकामी म्हणून मी उपटून टाकाया सांगितली हुती."

"मी एक झाड ठेवलं होतं, अण्णा. विहिरीमागं."

बापूरावांनी ती नोंद परत वाचली, पहिल्यापासून. मग ते सुनेकडे वळले. "मी चुकलो," ते म्हणाले. एवढंच. शालननं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला, कारण मंडळाचं कार्यालय संध्याकाळी बंद होणार होतं.

नर्सरीत परतल्यावर, घरी जाण्यापूर्वी द्वारकानं तिथला कॉम्प्युटर मार्गी लावला. 'बाग' त्या अडचणीच्या खोलीतून काढून साध्या, डोळ्यांसमोरच्या फोल्डरात ठेवला, म्हणजे लिहिलेलं तिथंच राहील. "प्रत घेताना प्रोग्रॅम बंद करायचा," तिनं बजावलं. "बाणवालं चित्र नाही, फाइल उचलायची. प्रत दुसरीकडे उघडून बघायची, शेवटचा नंबर दिसतो का. आणि एक प्रत या नर्सरीबाहेर, माझ्या घरी दिलीत तरी चालेल. भाडं म्हणून एक रोप."

नोंदी मंडळाकडे वेळेत पोचल्या होत्या.

रविवारी प्रदर्शनाच्या मांडवात उभं राहायला जागा नव्हती. तीनशे सत्तेचाळीस नंबरच्या फुलाला विभागातलं दुसरं पारितोषिक मिळालं. पहिलं का नाही, यावर दोन परीक्षकांचं भांडण झालं म्हणतात. फुलाशेजारी बापूराव खुर्ची टाकून सकाळपासून बसले होते. कुणी आत हात घातला की काठी पुढे करत होते. शालन आणि द्वारका गर्दीतून तिथं पोचल्या, तेव्हा एक गृहस्थ वाकून त्यांना विचारत होते, "वा बापूराव, या वयात आपण काय चमत्कार केलात हा. आपलाच ना?"

बापूरावांनी त्यांना नखशिखान्त पाहिलं.

"वाचता येतं न्हवं तुमाला?" ते म्हणाले. "खाली नाव लिवलंय."